टीव्हीला स्टिक जोडताना: कोडचा पडदा आला की गूगलवर शोधू नका

स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे टीव्हीच्या मागे खोचून इंटरनेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारी छोटी कांडी, टीव्हीला लावायला दहा मिनिटं पुरतात. तरी सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत मला ज्या घरांतून बोलावणं येतं, ती बहुतेक एकाच जागी अडलेली असतात. सगळं जोडून झालेलं असतं, टीव्हीवर एक कोड लटकलेला असतो आणि त्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. ‘पाच मिनिटांत सेटअप’ दाखवणारे व्हिडिओ नेमकी हीच जागा भराभर पळवतात, आणि लोकांचे पैसे जातात तेही इथेच. म्हणून बाकीचं थोडक्यात उरकते आणि कोडवर सविस्तर लिहिते.

टीव्हीला एचडीएमआय पोर्ट (चित्र-आवाजाची वायर लावायची खाच) आहे आणि घरात वाय-फाय आहे, असं धरून चालते. उदाहरणं अमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकची आहेत. गूगल टीव्ही असो की केबलवाल्यानं दिलेला अँड्रॉइड बॉक्स, क्रम हाच.

आधी फोन, मग टीव्ही

टीव्हीला हात लावण्याआधी खातं उघडणं, प्लॅन निवडणं आणि पैसे भरणं ही तिन्ही कामं फोनवर पुरी करा. रिमोटनं एकेक अक्षर हुडकत ईमेल आणि पासवर्ड टाकण्याचा सल्ला जो देतो, त्यानं ते काम साठीच्या पुढच्या माणसाला करताना कधी पाहिलेलं नसतं.

प्लॅनच्या नावात ‘मोबाइल’ दिसलं की तो सोडून द्या. असा प्लॅन फोन आणि टॅबलेटपुरता असतो, टीव्हीवर चालत नाही. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा प्लॅन याच जातीचा आहे. टीव्हीवर बघायचं तर निदान १९९ रुपयांचा बेसिक लागतो. हे दर डिसेंबर २०२१ मधल्या कपातीनंतरचे आहेत, घेताना एकदा तपासा. बेसिकमध्ये चित्र ७२०पी (साध्या एचडी) दर्जाचं असतं आणि एका वेळी एकाच पडद्यावर बघता येतं. बत्तीस इंची टीव्हीला तेवढं भरपूर झालं. टीव्हीच फोर-के (सगळ्यात बारीक तपशील दाखवणारा) नसेल तर फोर-केचा प्लॅन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. मोबाइल रिचार्जबरोबर जी वर्गणी ‘मोफत’ मिळते, तीही पुष्कळदा मोबाइलपुरतीच असते, म्हणून तिच्या भरवशावर स्टिक घेऊ नका.

पैसे भरताना ऑटोपे, म्हणजे दर हप्त्याला पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी, चालू होतो. कार्ड असो वा यूपीआय, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही. तेव्हा ज्याच्या फोनवर ती सूचना येणार, त्याला ती वाचायची सवय हवी. वर्गणी नको झाली तर टीव्हीवरून ॲप काढून भागत नाही, खात्यात जाऊन ती रद्द करावी लागते.

जोडणी

स्टिक एचडीएमआयमध्ये खोचा, रिमोटमध्ये सेल घाला, टीव्हीचा सोर्स बदला. झालं.

एकच आग्रह आहे. स्टिकची पॉवर भिंतीवरच्या बोर्डातून, खोक्यात आलेल्या अडॅप्टरनंच द्या. टीव्हीच्या यूएसबीला वायर लावली की दिसायला नीटनेटकं दिसतं, पण तो पोर्ट पुष्कळदा अर्धा अँपिअरच देतो आणि स्टिकला निदान १ अँपिअर लागतो. मग सिनेमा ऐन रंगात आला की स्टिक बंद पडून पुन्हा चालू होते आणि दोष इंटरनेटला मिळतो. खोक्यातली एचडीएमआयची छोटी जोडवायरही वापरा. तिच्यामुळे स्टिक टीव्हीच्या पाठीपासून थोडी सुटी राहते, कमी तापते आणि वाय-फाय बरं पकडते.

वाय-फाय

तुमच्या राउटरच्या वाय-फायची दोन नावं दिसत असतील, तर टीव्ही राउटरच्याच खोलीत असताना ५ गिगाहर्ट्झचं निवडा, आणि मधे भिंती असतील तर २.४ गिगाहर्ट्झचं. गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ माजघरापर्यंतही धड पोचत नाही. वेगाची चिंता फार करू नका. नेटफ्लिक्स ७२०पीसाठी ३ आणि १०८०पीसाठी (फुल एचडी) ५ एमबीपीएस इतका इंटरनेटचा वेग मागतं, फोर-केला १५. आपल्याकडचं साधं फायबर कनेक्शनही याच्या पुढे असतं.

पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असते. वीज आली की स्टिक आधी जागी होते, राउटरला लाइन पकडायला वेळ लागतो आणि टीव्हीवर एरर येते. त्या एररला घाबरून कुणीही लॉगआउट करू नये. चहा ठेवा, पिऊन या, मग बघा.

कोडचा टप्पा

आता मुख्य काम. टीव्हीवर ॲप उघडून साइन-इन केलं की एक कोड येतो, खाली वेबसाइटचा पत्ता येतो, बरेचदा शेजारी क्यूआर चौकोनही असतो. मलाही सुरुवातीला याच पडद्यानं सगळ्यात जास्त छळलं, कारण हा कोड कुठून कुठे जातो हेच कुणी सांगत नव्हतं. तो टीव्हीकडून फोनकडे जातो. दारात उभा पाहुणा नाव सांगतो आणि आतला माणूस कडी काढतो, तसा टीव्ही कोड सांगतो आणि तुम्ही आधीच लॉग-इन असलेल्या फोनवरून त्याला आत घेता. ओटीपीचं उलटं आहे. तो फोनवर येतो आणि तुम्हीच तो टाकायचा असतो. या दोहोंची गल्लत झाली की घोळ सुरू होतो, म्हणून घरातल्या मोठ्यांना आधी एवढं समजावून सांगा. टीव्हीवरचा कोड आपल्या मुलीला फोनवर वाचून दाखवला तर हरकत नाही. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही, अगदी कुणालाही, वाचून दाखवायचा नाही. आणि अनोळखी माणसानं दिलेला कोड आपल्या खात्यात टाकायचा नाही, नाहीतर त्याचा टीव्ही आपल्या पैशावर चालायला लागतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. टीव्हीवर दिसतो तो पत्ता फोनच्या क्रोम ब्राउझरमध्ये, सगळ्यात वरच्या पट्टीत, मधे जागा न सोडता, तिरप्या रेषेसकट टाइप करा. होमस्क्रीनवर जी गूगलची शोधपट्टी असते तिच्यात नाही. माइकवर बोलून तर नाहीच. बोललं की पत्ता उघडण्याऐवजी शोध होतो आणि निकालांची यादी पुढ्यात येते. त्या यादीत खऱ्या कंपनीच्या पानाशेजारी तिचेच रंग आणि तिचंच चिन्ह लावलेली खोटी पानंही येऊन बसतात.

ही खोटी पानं कशी वागतात ते नीट वाचा. कोड टाकला की चाक फिरतं, मग ‘सक्रिय होऊ शकले नाही’ अशी पाटी येते आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ग्राहक सेवा’ म्हणून नंबर. नंबर लावला की अदबीनं बोलणारा माणूस भेटतो. तो एक ॲप घ्यायला लावतो, त्यातून तुमच्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो. मग पाच-दहा रुपये ‘ॲक्टिव्हेशन चार्ज’ भरा म्हणतो. रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवलेली असते की कुणाला शंका येत नाही. तुम्ही पिन टाकता, ओटीपी येतात, आणि हे सगळं तो पलीकडे बसून बघत असतो.

म्हणून हे पाठच करा. टीव्हीवर कोडनं साइन-इन करण्याला पैसे पडत नाहीत. वर्गणीचे पैसे तुम्ही आधीच, कंपनीच्या ॲपमध्ये भरलेले आहेत. त्यापुढे कुणी एक रुपया मागितला तरी फोन ठेवायचा. मदतीचा नंबर लागलाच तर तो त्या सेवेच्या ॲपमधल्या मदत विभागातून घ्यायचा, शोधातून कधीच नाही. आणि फसवणूक झालीच, तर त्या क्षणी फोनचं इंटरनेट बंद करा, घेतलेलं ॲप काढून टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन लावा. लाजून दोन दिवस गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. लवकर कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते, उशीर केला की ते खात्या-खात्यांतून पुढे निघून जातात.

क्यूआर चौकोन असेल तर मी तोच वापरायला सांगते, म्हणजे टायपिंगचा प्रश्नच मिटतो. मात्र तो फोनच्या कॅमेऱ्यानं किंवा गूगल लेन्सनं स्कॅन करा आणि उघडलेल्या पानाचा पत्ता टीव्हीवरच्या पत्त्याशी ताडून बघा.

कोणाच्या खात्यात?

कोड बरोबर, पान खरं, आणि तरी टीव्ही म्हणतो ‘प्लॅन घ्या’. इथे लोक वैतागून दुसऱ्यांदा पैसे भरतात. भरू नका. जवळजवळ नेहमी कारण हेच निघतं, की फोनच्या ब्राउझरमध्ये भलतंच खातं उघडं असतं. घरात तीन नंबर आणि चार जीमेल असतात, प्लॅन एकावर आणि कोड जोडला दुसऱ्यावर. कोड टाकण्याआधी त्याच ब्राउझरमध्ये खात्याचं पान उघडून नाव आणि नंबर वाचा. व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबून उघडणारी खिडकीही कधी कधी वेगळी असते, तिच्यात तुम्ही लॉग-इन नसता.

फायबरच्या पॅकबरोबर मिळालेल्या वर्गणीत आणखी एक गाठ असते. ती कनेक्शनला नोंदवलेल्या मोबाइल नंबरला बांधलेली असते, आणि तो नंबर कुणाचा हे घरात माहीतच नसतं. कधी तो वारलेल्या आजोबांचा असतो, कधी मुंबईला गेलेल्या थोरल्याचा. जोडणी करायला आलेल्या पोरानं घाईत स्वतःचा नंबर टाकून दिलेला, असंही एका घरात निघालं. नव्या कनेक्शनच्या दिवशीच आपला नंबर नोंदवून घ्या आणि त्यावर आलेला मेसेज बघितल्याशिवाय जोडणी करणाऱ्याला जाऊ देऊ नका.

मुलं पुण्यात, आई-बाबा सांगलीत, खातं मुलांचं, ही पद्धत मला पसंत नाही. ओटीपी पुण्याला येतो, तेव्हा मुलगा मीटिंगमध्ये असतो आणि इथे टीव्ही अडून बसतो. शिवाय नेटफ्लिक्सनं जुलै २०२३ पासून भारतात एक खातं एका घरापुरतं केलंय, त्यामुळे दुसऱ्या गावातला टीव्ही आज ना उद्या अडवतोच. अमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर जानेवारी २०२५ पासून पाच उपकरणांत दोनच टीव्ही चालतात. पुण्यातच दोन असले की सांगलीच्या वाट्याला काही उरत नाही. आई-बाबांच्या नंबरवर त्यांचं स्वतःचं छोटं खातं काढा. पैसे हवे तर तुम्ही भरा, पण ओटीपी त्यांच्या फोनवर येऊ दे.

स्टिक मुलानं अमेझॉनवरून पाठवली असेल तर ती त्याच्याच खात्याला बांधलेली येऊ शकते. ऑर्डर करताना ‘भेट’ हा पर्याय निवडला की हे टळतं. पहिल्या पडद्यावर त्याचं नाव दिसलं तर तिथेच खातं बदला.

कोड काही मिनिटांत बाद होतो. चष्मा शोधेपर्यंत तो गेला तर मागे येऊन नवा घ्या, जुनाच पुन्हा पुन्हा टाकू नका. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत शंका आली तर टीव्हीजवळ जाऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा.

उरलेलं

सेटिंगमधून खरेदीला पिन लावा, म्हणजे नातवंडांच्या हातून काही विकत घेतलं जाणार नाही. मुलांचं प्रोफाइल वेगळं करा. इंटरनेटला डेटाची मर्यादा असेल तर चित्राचा दर्जा उतरवून ठेवा. नेटफ्लिक्सवर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात. सांगलीसारख्या नाट्यपंढरीतल्या ज्येष्ठांना नाटकं हवी असतात, त्यांच्यासाठी यूट्यूब मेन्यूत सगळ्यात पुढे आणून ठेवा.

स्टिक अडकली तर रिमोटवरचं मधलं बटण आणि प्ले-पॉजचं बटण एकत्र पाचेक सेकंद दाबून धरा, ती बंद होऊन पुन्हा चालू होईल. रिमोट ओळखेनासा झाला तर होमचं बटण दहा सेकंद दाबा.

आणि ही स्टिक पुढे बहिणीला द्यायची किंवा विकायची झाली, तर नुसती उपटून देऊ नका. सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा, मग फोनवर प्रत्येक सेवेच्या खात्यात उपकरणांची यादी उघडून त्या टीव्हीचं नाव काढून टाका.