कॉलेज बदललं, एड मागेच राहिली

२०२४च्या जानेवारीत मी न्यू जर्सीतल्या एका दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजमधून चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत आले. ॲडमिशन झाली म्हणजे अवघड भाग संपला, असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं. फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भरलेला होता; पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मिळणारी, परत न करायची सरकारी रक्कम, चालू होती; मार्क चांगले होते. नव्या कॉलेजचं बिल उघडलं तेव्हा एडच्या, म्हणजे शिक्षणासाठी मिळणाऱ्या आर्थिक मदतीच्या, रकान्यात शून्य होतं आणि पैसे भरायला अकरा दिवस उरले होते. बाबा तेव्हा रात्रपाळीला जात. बिल दाखवायचं कसं या विचारात मी दोन दिवस ते लपवून ठेवलं. त्या दोन दिवसांत एक फोन केला असता तर पुढचा अर्धा त्रास टळला असता.

मामांनी आईसाठी भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज मंजूर व्हायला इतकी वर्षं गेली की मी बारावी करूनच इथे आले. इथल्या कॉलेजात शिकलेलं घरात कोणी नव्हतं. आमच्यासारखी, पहिलंच मूल इथे कॉलेजात घालणारी घरं बरीच आहेत, म्हणून हे लिहिते आहे. ही सगळी माहिती अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक विद्यार्थ्यांची. एफ-१ किंवा एच-४ व्हिसावर असलेल्यांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, एड मिळत नाही. त्यांनी कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिपबद्दलच विचारावं. आईवडिलांचा व्हिसा कोणता आहे याने मात्र मुलाची पात्रता जात नाही.

फायनान्शियल एड ही एकच रक्कम असते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती चार-पाच वेगवेगळ्या खिशांतून येते, आणि कॉलेज बदलताना प्रत्येक खिशाच्या मालकाला वेगळं सांगावं लागतं. सोबत येते ती फक्त आपली पात्रता. पैसे नव्या कॉलेजने नव्याने मंजूर करायचे असतात.

फेडरल खिसा सगळ्यात सरळ आहे. फाफ्सा वर्षाचा असतो, कॉलेजचा नसतो. त्यामुळे त्याच वर्षात कॉलेज बदललं तर नवा अर्ज भरायचा नाही. स्टुडंट एडच्या सरकारी साइटवर लॉगिन करून भरलेल्या अर्जात नव्या कॉलेजचा सहा अक्षरी कोड घालायचा. आता ऑनलाइन अर्जात २० कॉलेजं घालता येतात, म्हणून जिथे अर्ज करणार आहात ती सगळी घालून ठेवा; ॲडमिशनच्या निकालाची वाट पाहू नका. हे मी वेळेवर केलं होतं. तरीही शून्य आलं, कारण चूक दुसरीकडे होती.

नोव्हेंबरमध्ये जुन्या कॉलेजात स्प्रिंग, म्हणजे जानेवारीपासूनच्या, सेमिस्टरचे चार कोर्स मी घेऊन ठेवले होते. ट्रान्सफर झाली नाही तर हाताशी काहीतरी असावं म्हणून. ॲडमिशन मिळाल्यावर ते तसेच ठेवले. वर्गात गेलो नाही की नाव आपोआप निघतं, असं मला वाटलं. तसं होत नाही. जुन्या कॉलेजच्या लेखी मी तिथलीच विद्यार्थिनी होते आणि माझी स्प्रिंगची पेल ग्रँट तिथे लागलेली होती. एकाच काळात दोन कॉलेजांतून पेल घेता येत नाही. फेडरल यंत्रणेत दोन्ही कॉलेजांची नोंद दिसली आणि नव्या कॉलेजला माझे पैसे थांबवावे लागले. वर जुन्या कॉलेजचंही बिल आलं. ते थकलं तर पुढच्या कामात अडथळे येणार, हे उघड होतं.

सोडवायला तीन आठवडे लागले. कोर्सची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे जाऊन कोर्स काढले, पण त्याने काम संपलं नाही. फायनान्शियल एड ऑफिसला वेगळं लेखी कळवावं लागलं की स्प्रिंगची सगळी एड रद्द करा. ही दोन ऑफिसं शेजारी-शेजारी असली तरी एकाला सांगितलेलं दुसऱ्याला त्याच दिवशी कळेल असं धरू नका. एड ऑफिसमधल्या बाई शांतपणे माझं सगळं ऐकून घेत होत्या. नव्या कॉलेजात बिलाची मुदत वाढवून द्या, असं फी गोळा करणाऱ्या बर्सरच्या ऑफिसला सांगायचं हेही त्यांनीच सुचवलं. मागितल्यावर मुदत मिळाली. मागितलं नसतं तर लेट फी लागली असती.

पेल ग्रँटचा हिशेब समजून घ्या, कारण तो दिलासा देणारा आहे. त्या वर्षी कमाल पेल ७,३९५ डॉलर होती. फॉलमध्ये, म्हणजे त्याआधीच्या सेमिस्टरमध्ये, पूर्ण वेळ शिकून मी तिचा अर्धा भाग जुन्या कॉलेजात वापरला होता, म्हणजे उरलेला अर्धा नव्या कॉलेजात मिळणार होता. जुन्या जागी वापरलं नाही ते बुडत नाही. मात्र आयुष्यभराची मर्यादा पूर्ण वेळच्या १२ सेमिस्टरइतकी, यंत्रणेच्या भाषेत ६०० टक्के. किती टक्के संपले ते आपल्याच सरकारी खात्यात दिसतं. वारंवार कॉलेज बदलणाऱ्याने तो आकडा दर वर्षी पाहावा.

फेडरल कर्जाचंही तसंच. वर्षाची मर्यादा माणसाला असते, कॉलेजला नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी ६,५०० डॉलर आणि तिसऱ्या वर्षापासून ७,५००. फॉलमध्ये जुन्या कॉलेजात ३,२५० घेतले असतील तर स्प्रिंगमध्ये नव्या कॉलेजात उरलेलेच मिळतात. आणि आपण कितव्या वर्षाला आहोत हे नवं कॉलेज त्याने मान्य केलेल्या क्रेडिट्सवरून, म्हणजे पास झालेल्या कोर्सना मिळालेल्या एककांवरून, ठरवतं. माझा खरा तोटा इथे झाला.

न्यू जर्सीत २००७चा एक कायदा आहे. काउन्सेलर त्याला लॅम्पिट लॉ म्हणतात. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजमधून असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स ही दोन वर्षांची डिग्री पूर्ण करून राज्याच्याच पब्लिक युनिव्हर्सिटीत गेलात तर त्या डिग्रीची क्रेडिट्स पूर्ण मान्य होतात. ‘पूर्ण करून’ हे शब्द महत्त्वाचे. मी तीन सेमिस्टर करून, डिग्री न घेता निघाले. ४५ क्रेडिट्सपैकी ३६ मान्य झाली. मी दुसऱ्या वर्षाचीच ठरले. राज्याची गार्डन स्टेट गॅरंटी ही योजना ६५,००० डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची पब्लिक युनिव्हर्सिटीतली ट्यूशन आणि फी भरून काढते, पण ती तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी आहे. आमचं उत्पन्न त्यात बसत होतं. मी बसत नव्हते. कम्युनिटी कॉलेजात उरलेली फी भरणारी अपॉर्च्युनिटी ग्रँट तर नावाप्रमाणे कम्युनिटी कॉलेजपुरतीच, ती सोबत येणं शक्यच नव्हतं. एक सेमिस्टर थांबले असते तर डिग्री हातात असती, सगळी क्रेडिट्स आली असती आणि सप्टेंबरमध्ये मी थेट तिसऱ्या वर्षाला बसले असते. त्याऐवजी पहिल्यांदा कर्ज घेतलं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर, असं अजूनही वाटतं.

जानेवारीत जाण्याचा आणखी एक तोटा. ट्रान्सफर विद्यार्थ्यांसाठीच्या मेरिट स्कॉलरशिप बऱ्याच युनिव्हर्सिटी फक्त फॉलमध्ये येणाऱ्यांना देतात. कम्युनिटी कॉलेजांच्या फाय थीटा कॅपा या ऑनर सोसायटीच्या सदस्यांसाठीही अनेक ठिकाणी वेगळी रक्कम असते. मी सदस्य होते, पण चुकीच्या महिन्यात आले.

राज्याकडून गरजू विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या टॅग ग्रँटबद्दल एवढं लक्षात ठेवा: ती न्यू जर्सीतल्याच कॉलेजांत चालते, रक्कम कॉलेजप्रमाणे बदलते, आणि हेसा या राज्यसंस्थेच्या पोर्टलवर कॉलेज बदलल्याचं स्वतः तपासून दुरुस्त करावं. टॅग आधी मिळालेल्यांनी पुढच्या वर्षाचा फाफ्सा १५ एप्रिलच्या आत भरायचा असतो. इतर राज्यांचे नियम निराळे आहेत, ते तिथल्या संस्थेकडूनच घ्या.

कॉलेजच्या स्वतःच्या ग्रँटा, वर्क-स्टडीची, म्हणजे शिकताना करायची एडमधली, नोकरी, जास्त गरजूंना मिळणारी सप्लिमेंटल ग्रँट यांतलं काहीच सोबत येत नाही. त्या निधीतून कॉलेज आपापल्या विद्यार्थ्यांना वाटतं, आणि वर्षाच्या मध्यावर तो बहुधा संपलेला असतो. बाहेरच्या संस्थेची स्कॉलरशिप असेल तर देणाऱ्यांना आधी पत्र लिहा. माझ्या एका स्कॉलरशिपचा चेक जुन्या कॉलेजच्या नावाने निघाला होता. तो परत जाऊन नव्या नावाने यायला मार्च उजाडला.

माझ्या मामेभावाची गोष्ट वेगळी, पण ती सांगायला हवी. तो दुसऱ्या राज्यातल्या खाजगी कॉलेजात होता. मन लागेना म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच घरी परतला. सेमिस्टरचा ६० टक्के काळ संपण्याआधी सगळे कोर्स सोडले तर जितके दिवस काढले तितक्याच टक्के फेडरल एडवर आपला हक्क राहतो. बाकीची सरकारकडे परत जाते आणि तेवढी फी कॉलेज आपल्याकडून मागतं. साठ टक्के म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये साधारण नऊ आठवडे. तो त्याच्या आतच निघाला होता. नवं कॉलेज त्याने पुढच्या ऑगस्टमध्ये धरलं. मधल्या काळात सहा महिन्यांची सवलत संपून कर्जाचे हप्ते सुरू झाले. पुन्हा निदान अर्धा वेळ शिकायला लागल्यावर हप्ते थांबतात, पण एकदा पूर्ण वापरलेली सहा महिन्यांची सवलत त्या कर्जाला परत मिळत नाही. मामींना ती पत्रं वाचून झोप लागत नव्हती. त्याने निघण्याआधी एड ऑफिसमध्ये अर्धा तास बसायला हवं होतं.

नव्या कॉलेजात अभ्यासातल्या प्रगतीचा हिशेबही होतो. मान्य झालेली क्रेडिट्स ‘घेतलेली’ आणि ‘पूर्ण केलेली’ अशा दोन्ही रकान्यांत धरतात. १२० क्रेडिट्सच्या डिग्रीला १८० क्रेडिट्स घेईपर्यंतच फेडरल एड चालते. मागे नापास झालेले विषय अडचणीत आणत असतील तर कारण देऊन अपील करता येतं. आजारपण किंवा घरातला मृत्यू ही कारणं ते ऐकतात. तसंच फाफ्सा भरल्यानंतर घरात कोणाची नोकरी गेली असेल तर एड ऑफिसला उत्पन्नाचे नवे कागद पाहून आकडा बदलण्याचा अधिकार असतो. आपली माणसं हे सांगायला लाजतात. बाबांच्या कामाच्या पाळ्या कमी झाल्या तेव्हा आम्हीही लाजत होतो. पत्र दिल्यावर पुढच्या वर्षीच्या ग्रँटमध्ये फरक पडला.

आता माझी धाकटी बहीण त्याच वाटेवर आहे. ती मे महिन्यात असोसिएट डिग्री घेऊनच निघणार आहे. ॲडमिशनची पत्रं आली की होकार देण्याआधी प्रत्येक एड ऑफिसला आम्ही बसून एकच मेल लिहिणार आहोत: माझी किती क्रेडिट्स मान्य झाली, मी कितव्या वर्षाची धरली जाईन, यातली कोणती ग्रँट दर वर्षी चालू राहील आणि त्यासाठी किती जीपीए लागेल, आणि जुन्या कॉलेजकडून तुम्हाला कोणता कागद हवा. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होण्याआधी जुन्या कॉलेजात तिच्या नावावर एकही कोर्स उरलेला नाही, हे मी स्वतः तिच्या शेजारी बसून पाहणार आहे.