गावी राहून सुखी व्हायचंय? या चुका टाळा

निवृत्तीनंतर कोकणात परतणारा चाकरमानी आधी कंपाउंड घालतो. ही चूक मला सगळ्यांत जास्त सलते. पूर्वी आगराला कमरेएवढा गडगा असे, गुरं अडवण्यापुरता. त्यावरून बोलणंही व्हायचं नि कालवणाची वाटीही यायची-जायची. आता डोक्यावर जाणारी चिऱ्याची भिंत आणि गेटला कुलूप.

दापोलीकडच्या आमच्या वाडीत एका गृहस्थांनी असंच घर बांधलं. समुद्र दिसावा म्हणून वाडीपासून लांब, आणि वहिवाटीची पायवाट अडवून. शिमग्याची पालखीही दारात नको म्हणाले. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, वीज गेली, फोन बंद पडले. वाडीतले लोक एकमेकांच्या वाटा मोकळ्या करत होते, कौलं चढवत होते. यांच्या गेटवर माड पडलेला, विजेअभावी पंप बंद, टाकी संपत आलेली. शेवटी पोरं भिंत चढून आत गेली आणि रहाटाच्या विहिरीवरून त्यांना पाणी नेऊन दिलं. भिंत नंतर त्या गृहस्थांनीच उतरवली.

हार्वर्डमध्ये १९३८ पासून माणसांच्या आयुष्यांचा अभ्यास चालू आहे. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून एवढा अंदाज येत नव्हता. म्हणून सांगतो, शेजाऱ्याकडे कोयता उसना मागा. स्वतःचा असला तरी मागा. मी संध्याकाळी काम नसताना कुणाच्या तरी पडवीत जाऊन बसतो. 'ओळखी हळूहळू होतील' म्हणत घरात बसणाऱ्यांच्या ओळखी होत नाहीत.

समुद्राच्या देखाव्यावर सगळी पुंजी घालू नका. डोळ्यांना त्याची सवय होते. १९७८ च्या एका अमेरिकी अभ्यासात लॉटरी जिंकलेले लोकही इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नव्हते, उलट रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती.

कलमं लावून दुसऱ्या वर्षी आंबे मोजू नका.

भजनाला आवाज नसला तरी बसा, झांज हातात घ्या.

आणि मे महिन्यात आंबे खाता खाता घराचा व्यवहार करू नका. घाई करणारे इथेच फसतात. आधी एक अख्खा पावसाळा भाड्याने राहून काढा: न वाळणारे कपडे, जाणारी वीज, चिखलाची वाट. त्या चार महिन्यांत चहाला हाक मारणारी दोन घरं मिळाली, तर त्याच वाडीत जागा बघा.