पातालपानीच्या घाटातला पूल: या चुका टाळा

पाऊस लागला की आम्हा इंदूरकरांना महूपुढचा घाट आठवतो आणि सोमवारी माझ्या फोनवर तोच एक फोटो दहा जणांकडून येतो. वर पांढरं आभाळ, खाली हिरवळ, मध्ये काडेपेटीएवढा रेल्वेचा पूल. सोबत तोच प्रश्न: "काका, एवढा उंच पूल, फोटोत उंची का दिसत नाही?"

कारण तुम्ही वाइड लेन्स लावून अख्खी दरी कोंबता! पलीकडच्या उतारावर, खांबांच्या साधारण निम्म्या उंचीला उभे राहा. कॅमेरा वर वाकवावा लागत नाही आणि खांब मागे कलत नाहीत. मी 85 मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स लावतो आणि गाडी येईपर्यंत बटणाला हात लावत नाही. इथले रूळ मीटरगेजचे, म्हणजे कमी रुंदीचे; त्यावरचा डबा नेहमीच्या ब्रॉडगेजपेक्षा अंगानं लहान, त्यामुळे त्याच्याखालचा पूल आहे त्याहून उंच भासतो. एवढी चलाखी मला चालते. गाडी चढतीचीच धरा. घाटाखालच्या कालाकुंड स्टेशनहून वर येताना 40 फुटांना 1 फूट असा चढ आहे, त्यामुळे ती दमानं येते.

आता वाफ. माझा भाचा नवा कॅमेरा गळ्यात अडकवून घाटातल्या हेरिटेज गाडीच्या, म्हणजे पर्यटकांच्या गाडीच्या, एसी डब्यात बसला होता. पातालपानीला गाडी थांबताच पठ्ठ्या पहिला खाली. थंडगार लेन्स, बाहेर ओली हवा. काचेवर धुकं धरलं. शर्टाच्या टोकानं पुसलं, पुन्हा धरलं. शिट्टी झाली तेव्हा त्याच्याकडे सत्तेचाळीस फोटो होते, सगळे दुधात बुडवून काढलेले. वर मला म्हणतो, "मामा, एडिटिंगमध्ये काढू." काय काढणार, कपाळ? थंड कॅमेरा झिपच्या पिशवीत घट्ट बंद करूनच बाहेर आणा आणि हवेला सरावेपर्यंत उघडू नका. मी तर सरळ बिगर-एसी डब्यात बसतो. खिडकी उघडी, कटकट नाही.

फोटोखालच्या मजकुराबद्दल तर बोलायलाच नको. आमच्याकडच्या एका गणेशोत्सवात प्रदर्शन होतं. एकानं सुरेख फोटो लावला आणि खाली लिहिलं: "अहिल्याबाईंच्या काळातील पूल." एक आजोबा चष्मा सरकवून म्हणाले, "बाई 1795 ला गेल्या, मुंबई-ठाणे गाडी धावली 1853 ला. मग हा पूल कशासाठी, बैलगाड्यांसाठी?" पोरगं लाल झालं. शेजारच्या फोटोखाली "ब्रिटिशांची देणगी" होतं, ते तर मला जास्तच झोंबलं. हा पूल ज्यावर आहे त्या खंडवा-इंदूर मार्गासाठी इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 मध्ये ब्रिटिश सरकारला 1 कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्क्यांनी, 101 वर्षांच्या मुदतीनं. जमीन वेगळी, तीही फुकट. मार्गाचं नावच होळकर स्टेट रेल्वे. बांधकाम इंग्रजांचं, पैसा इंदूरचा, दोन्ही लिहा. मोबाइलवर दोन मिनिटांत शोधून चिकटवलेला इतिहास असाच फसतो.

बाकीचं थोडक्यात. धुक्याचं पांढरं बघून कॅमेरा फसतो आणि काळे खांब आणखी काळे काढतो. एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे प्रकाश दुप्पट, वाढवा. रुळांवर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांना मी ओळख देत नाही; रेल्वे कायद्याचं कलम 147 त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड देऊ शकतं. पातालपानी धबधब्याच्या वरच्या पात्रात कॅमेऱ्याची तिपाई रोवू नका. 2011 मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे माणसं वाहून गेली आहेत.

आणि कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद खाऊन त्याच बोटांनी लेन्स बदलू नका. हसू नका, सेन्सर साफ करून आणायला मीच गेलो होतो.