कृषी अर्थशास्त्र शिकताय? आधी बापाचं साल मोजा

माझे बाबा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. गाव दारव्हा तालुक्यात, घरचं वावर नाही. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला कृषी अर्थशास्त्र घेतलं तेव्हा होस्टेलची पोरं म्हणाली, 'तुह्याकडे शेतीच नाही, हिशेब कोणाचा करशील?' पहिल्याच सेमिस्टरला कळलं की उत्पादन खर्चाच्या तक्त्यात 'कायम मजूर' अशी एक ओळ असते. ती आमची. दरवर्षी नव्या बॅचची पोरं नोट्स मागायला फोन करतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

व्याख्या घोकू नका. 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट' मला इंग्रजीत तोंडपाठ होती, पण उदाहरण विचारलं आणि माझी बोबडी वळली. खरं म्हणजे ते गणित आमच्या घरी दर पाडव्याला व्हायचं. साल धरायचं की रोजीनं जायचं? सालात रक्कम ठरलेली, त्यातली निम्मी उचल म्हणून आधीच घरी येते. रोजीत दिवसाला जास्त पडतात, पण मृग कोरडा गेला की हात रिकामे. साल धरल्यावर जी रोजी सुटली, तीच संधी-किंमत. प्रत्येक संकल्पनेला घरातली अशी एखादी गोष्ट बांधून ठेवा. घटत्या फलाचा नियम युरियाच्या तिसऱ्या बॅगेत सापडतो. कॉबवेब म्हणजे यंदा तुरीला भाव मिळाला की पुढच्या साली अख्खं गाव तूर पेरतं, ते.

आता उत्पादन खर्च. इथं घाई केलीत तर पुढचं सगळं कच्चं राहतं. एक एकर सोयाबीन घ्या. आकडे सोपे व्हावेत म्हणून गोल केलेत. उतारा ६ क्विंटल, भाव ४,००० रुपये, म्हणजे २४,००० आले. बियाणं, खत, फवारा, बाहेरची मजुरी, काढणी-मळणी मिळून १४,००० गेले. हा ए२, म्हणजे खिशातून गेलेला खर्च. घरच्या माणसांनी केलेल्या निंदणाची, राखणीची मजुरी २,००० धरली की झाला ए२ अधिक एफएल (फॅमिली लेबर, म्हणजे घरची मजुरी), १६,०००. त्यात स्वतःच्या जमिनीचं मानीव भाडं ४,००० आणि भांडवलावरचं व्याज १,००० मिळवलं की सी२, म्हणजे २१,०००.

आता क्विंटलवर आणा. ए२ अधिक एफएल २,६६७ येतो, त्याचा दीडपट ४,०००. सी२ येतो ३,५००, त्याचा दीडपट ५,२५०. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला तो ए२ अधिक एफएलच्या हिशेबावर. आंदोलनांत मागणी असते ती सी२वर. मधले साडेबाराशे रुपये म्हणजेच तो सगळा वाद. हे एकदा स्वतःच्या हातानं मांडलं की टीव्हीवरची चर्चा ऐकताना कोण कोणता खर्च धरून बोलतोय ते लगेच ओळखता येतं.

यात एक खोच आहे. ते ४,००० भाडं कुठून आलं? आपल्याकडच्या प्रबंधांत रीत आहे: एकूण उत्पन्नाचा सहावा भाग, वजा शेतसारा. पण आमच्या गावात मक्त्यानं एकर घ्यायला गेलात तर १२,००० रोख मोजावे लागतात, तेही पेरणीच्या आधी. मक्तेदाराचं भाडं खिशातून जातं, म्हणून ते ए२मध्येच येतं. त्याचा ए२ झाला २६,००० आणि हाती आले २४,०००. घरच्यांच्या मजुरीचा रुपया न धरताच तो तोट्यात. सातबारावर त्याचं नाव नाही, त्यामुळे नमुना निवडतानाच तो सुटतो. तुमच्या प्रबंधात त्याला वेगळा गट करा. गाईड कुरकुरतील, तरी करा.

सर्व्हेला जाताना 'खर्च किती आला?' असं विचारायचं नाही. 'लय आला' हेच उत्तर मिळतं. कामागणिक विचारा: वखरणी किती पाळ्या, डवरणी किती, निंदाले बाया किती, अन् रोजी काय दिली. कुटार कुठं गेलं तेही विचारा. ते बैलानं खाल्लं तरी उत्पन्नच आहे. मोजमाप त्यांचंच ठेवा, रूपांतर खोलीवर येऊन करा. मी यात सपशेल आपटलो होतो.

'सोयाबीन किती झाली, काकाजी?'
'झाले धा कट्टे.'

मी कट्टा ५० किलोचा धरून अकरा घरं लिहून मोकळा झालो. बाराव्या घरी काकूनंच कट्टा काट्यावर ठेवायला लावला. भरला ६२ किलो. अकरा घरी परत गेलो, आणि कट्ट्याचं वजन घरागणिक वेगळं निघालं.

पेरणीत आणि वेचणीत जाऊ नका. सीतादहीच्या, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेच्या दिवशी गेलात तर दहीभात मिळेल, आकडे मिळणार नाहीत.

संख्याशास्त्राला भिऊन चालत नाही. कॉब-डग्लस फलन, म्हणजे खत-मजुरी किती लावली की पीक किती येतं हे मांडणारं सूत्र, लॉग घेतल्यावर सरळ रेषेचं होतं आणि गुणांक म्हणजेच लवचिकता, एवढं पक्कं करा. अडचण येते शून्याची. ज्यानं शेणखत टाकलंच नाही त्याचा लॉग कसा घेणार? सगळीकडे १ मिळवायची पळवाट बरेच जण काढतात. त्यापेक्षा शेणखत आणि रासायनिक खताचा खर्च एकत्र करून एकच चल घ्या.

नोकरीचं थोडक्यात. बँकांत कृषी अधिकारी, नाबार्ड, शेतकरी उत्पादक कंपन्या या वाटा आहेत. पुढं शिकायचं असेल तर आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) जेआरएफ या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आपला विषय सामाजिक विज्ञानाच्या गटात येतो.

आणि भरलेल्या प्रश्नावल्या तोंडी परीक्षा होईपर्यंत फेकू नका. मला परीक्षकांनी विचारलंच, 'हा बारा हजारांचा मक्ता कुठून आणला?' मक्त्याचा कागद कुणाकडेच नसतो, सगळा तोंडी व्यवहार. मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुढं केला. खताच्या रिकाम्या बॅगेत बांधून ठेवला होता. वास येत होता, पण पानं कोरडी होती.