जँगोमध्ये डेटाची नाती आणि नियम कसे बसवावेत

वेब ॲपचा दर्शनी भाग कितीही वेळा बदलता येतो. टेबलांची रचना मात्र त्यात हजारो नोंदी साठल्या की हलवणे फार महाग पडते. म्हणून नव्या प्रकल्पात पहिले दिवस मॉडेलांना, म्हणजे टेबलांच्या कोडमधल्या वर्णनाला, द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. पुढचे विवेचन जँगोला, म्हणजे पायथॉन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कला, धरून आहे. रेल्स किंवा लाराव्हेल ही इतर फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना नावे वेगळी दिसतील, पण विचाराची दिशा तीच राहील. उदाहरणासाठी ग्रंथालयातली पुस्तकांची देवघेव घेऊ.

पायरी १: कोड लिहिण्याआधी वाक्ये लिहा

प्रत्येक नाते दोन्ही बाजूंनी वाक्यात मांडा. ‘एका लेखकाची अनेक पुस्तके असतात.’ आता उलट बाजू: ‘एका पुस्तकाचे अनेक लेखक असू शकतात.’ दोन्हीकडे ‘अनेक’ आले, म्हणजे हे अनेक-ते-अनेक नाते झाले.

पुढचे वाक्य घ्या: ‘एक पुस्तक एका वेळी एकाच सभासदाकडे असते.’ इथे थांबा. ग्रंथालयात त्याच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर ते पाच सभासदांकडे असू शकते. वाक्य खोटे ठरले, कारण नाम चुकले. सभासद घरी नेतो ती प्रत. तिला स्वतःचा दाखल क्रमांक असतो, तीच फाटते, तीच हरवते. शीर्षक, लेखक, प्रकाशन वर्ष या गोष्टी पुस्तकाच्या. म्हणजे ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ ही दोन वेगळी मॉडेल हवीत. असा शोध कागदावर लागला तर त्याची किंमत एक खोडलेली ओळ. वर्षभराने लागला तर सगळी देवघेव नव्याने जोडत बसावी लागते.

पायरी २: नाती बसवा

एक-ते-अनेक नात्यात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे निर्देश करणारे फील्ड) नेहमी ‘अनेक’ बाजूला जाते: प्रत आपल्या पुस्तकाकडे बोट दाखवते. उलट दिशेच्या नात्याला स्वतःचे नाव (रिलेटेड नेम) लगेच द्या, म्हणजे पुस्तकावरून त्याच्या प्रती वाचताना कोड सहज समजतो.

अनेक-ते-अनेक नात्यासाठी जँगो मधले टेबल स्वतः तयार करतो. पण त्याआधी स्वतःला विचारा, या नात्याची स्वतःची काही माहिती आहे का? पुस्तकाशी जोडलेली व्यक्ती लेखक असेल, अनुवादक असेल किंवा संपादक. मुखपृष्ठावर नावांचा क्रमही ठरलेला असतो. ही भूमिका आणि हा क्रम ना पुस्तकाचा, ना व्यक्तीचा. तो दोघांच्या नात्याचा आहे. मग ‘योगदान’ नावाचे मॉडेल स्वतः लिहा आणि ‘थ्रू’ पर्यायाने ते मधले टेबल म्हणून द्या. किंचित शंका असली तरी मी हाच मार्ग घेतो, कारण आधीच्या अनेक-ते-अनेक फील्डला नंतर ‘थ्रू’ जोडायला गेलात तर साधे मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी फाइल) ते करूच देत नाही. सभासद आणि प्रत यांच्यामधली ‘देवघेव’ हेही असेच मॉडेल. दिल्याची तारीख, परतीची मुदत आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख तिच्यात राहतात.

जँगो २.० पासून फॉरेन कीला ‘ऑन डिलीट’ (जोडलेली नोंद पुसली तर काय करायचे) सांगणे सक्तीचे आहे. इथे विचार न करता ‘कॅस्केड’ लिहिण्याची सवय घातक आहे. प्रत पुसली की तिच्या देवघेवीचा सगळा इतिहास तिच्यासोबत जाईल. देवघेवीतून प्रतीकडे आणि सभासदाकडे जाणाऱ्या दोन्ही फॉरेन कीवर ‘प्रोटेक्ट’ ठेवा, म्हणजे देवघेव असेपर्यंत त्या नोंदी पुसता येणार नाहीत. सभासदत्व संपले तर नोंद पुसू नका, संपल्याची तारीख भरा.

पायरी ३: ‘रिकामे’ म्हणजे काय ते ठरवा

‘नल’ (मूल्यच नसणे) हा पर्याय डेटाबेससाठी असतो, ‘ब्लँक’ (रिकामे चालणे) हा फॉर्मच्या पडताळणीसाठी. मजकुराच्या फील्डला सहसा फक्त ‘ब्लँक’ पुरतो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) तो नेमका दाखवतो. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे फील्ड रिकामे चालले पाहिजे. पण असेल तो क्रमांक एकमेव हवा. रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) साठवली तर आयएसबीएन नसलेले दुसरेच पुस्तक अडेल, कारण दोन रिकाम्या स्ट्रिंग डेटाबेसला सारख्याच दिसतात. दोन ‘नल’ मात्र एकमेकांना अडत नाहीत. म्हणून एकमेव आणि ऐच्छिक अशा मजकूर-फील्डला ‘नल’ आणि ‘ब्लँक’ दोन्ही द्या. आयएसबीएन संख्येच्या फील्डमध्येही ठेवू नका. जुन्या दहा अंकी क्रमांकाची सुरुवात शून्याने होऊ शकते आणि शेवटी ‘एक्स’ येऊ शकतो.

पायरी ४: माणसाशी बोलणारे नियम

व्हॅलिडेशनचे (पडताळणीचे) काम भरणाऱ्याला वेळेवर आणि समजेल असे सांगणे. १३ अंकी आयएसबीएनसाठी छोटा व्हॅलिडेटर लिहा: अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज १० ने नि:शेष भागली गेली पाहिजे. एक अंक चुकीचा टाइप झाला की हा हिशेब लगेच पकडतो. दोन फील्डांना जोडणारा नियम, जसे परतीची मुदत दिल्याच्या तारखेआधीची नसावी, मॉडेलच्या ‘क्लीन’ मेथडमध्ये जातो. चूक कळवताना फील्डचे नाव द्या, म्हणजे संदेश योग्य चौकटीशेजारी दिसतो. ‘अवैध माहिती’ असा संदेश कोणालाच मदत करत नाही. ‘परतीची मुदत दिल्याच्या तारखेआधीची असू शकत नाही’ असे स्पष्ट लिहा.

आता सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट: जँगोमध्ये ‘सेव्ह’ केल्यावर ही पडताळणी आपोआप होत नाही. मॉडेल फॉर्म (मॉडेलवरून बनलेला फॉर्म) आणि ॲडमिन (जँगोची तयार व्यवस्थापन पाने) ती करतात. थेट कोडमधून नोंद केलीत तर ही सगळी पडताळणी चालवणारे ‘फुल क्लीन’ स्वतः बोलवावे लागते. ‘बल्क क्रिएट’ (एकदम अनेक नोंदी करणे) आणि क्वेरीसेटचे (निवडलेल्या नोंदींच्या संचाचे) ‘अपडेट’ तर ‘सेव्ह’लाही वळसा घालतात.

पायरी ५: डेटाबेसने पाळायचे नियम

‘एक प्रत एका वेळी एकाच सभासदाकडे’ हा नियम फक्त पायथॉनमध्ये ठेवला असे समजा. दोन खिडक्यांवरच्या दोन कर्मचाऱ्यांनी एकाच क्षणी तोच दाखल क्रमांक भरला. दोन्ही विनंत्यांनी तपासले, दोघींना प्रत मोकळी दिसली, दोघींनी नोंद केली. तपासणे आणि लिहिणे यांमधली ही फट पायथॉनच्या ‘जर’ने बुजत नाही.

त्यासाठी देवघेवीच्या मॉडेलवर अट असलेला युनिक कन्स्ट्रेंट (डेटाबेसने राखायचे एकमेवपणाचे बंधन) लावा: परत आल्याची तारीख ‘नल’ आहे अशा नोंदींमध्ये प्रत एकदाच यावी. दुसरी नोंद डेटाबेस नाकारेल आणि तुमच्या हाती ‘इंटिग्रिटी एरर’ येईल. ती पकडून ‘ही प्रत आत्ताच दुसऱ्याला दिली गेली’ असे सांगा. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट हा प्रकार पाळतात. मायएसक्यूएलवर तो तयार होत नाही, जँगो फक्त इशारा देतो. तो इशारा दुर्लक्षू नका. तारखांचा नियमही चेक कन्स्ट्रेंट (मूल्ये अट पाळतात का ते पाहणारे बंधन) म्हणून इथे पुन्हा लिहा.

जँगो ४.१ पासून ‘फुल क्लीन’ हे कन्स्ट्रेंटही तपासते आणि प्रत्येकाला स्वतःचा संदेश देता येतो, त्यामुळे दुहेरी लिखाण बरेच कमी होते. मात्र फॉर्मवर नसलेली फील्ड पडताळणीतून वगळली जातात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला कन्स्ट्रेंट तिथे तपासला जात नाही. पुस्तक देण्याच्या फॉर्मवर ‘परत आल्याची तारीख’ नसणारच, तेव्हा एरर पकडणारा कोड ठेवाच.

सगळेच नियम मात्र डेटाबेसमध्ये कोंबू नयेत. ‘एका सभासदाला जास्तीत जास्त तीन प्रती’ हे धोरण आहे, उद्या चार होतील. ते कोडमध्ये ठेवा, पण मोजण्याआधी ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे किंवा काहीच नाही अशा व्यवहारात) ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने सभासदाची नोंद कुलूपबंद करा. त्याच सभासदाची दुसरी विनंती मग पहिली पूर्ण होईपर्यंत थांबते. एसक्यूलाइटवर या कुलपाचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून विकासासाठीही तोच डेटाबेस वापरा जो प्रत्यक्षात चालणार आहे.

पायरी ६: जुना डेटा आणि चाचण्या

चालू ॲपवर नवा कन्स्ट्रेंट लावताना आधी तो मोडणाऱ्या नोंदी क्वेरीने शोधा. त्यांचे काय करायचे हे काम जाणणाऱ्या माणसाला विचारा, डेटा मायग्रेशनने दुरुस्त करा, आणि मगच कन्स्ट्रेंटचे मायग्रेशन चालवा. अन्यथा ते अर्ध्यावर अडकेल.

चाचण्या फॉर्ममधून तर लिहाच, पण फॉर्मला वळसा घालूनही लिहा. एकाच प्रतीच्या दोन चालू नोंदी ‘बल्क क्रिएट’ने घुसवायचा प्रयत्न करा आणि ‘इंटिग्रिटी एरर’ येतो याची खात्री करा. मग पहिल्या नोंदीत परत आल्याची तारीख भरा आणि तीच प्रत पुन्हा देता येते का, तेही तपासा.