सत्तरीनंतर क्रूझला निघताना: विमा, औषधं आणि अर्ध्या वाटेत उतरावं लागलं तर

मोठ्या क्रूझ जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असतात, रात्री-अपरात्रीही फोन उचलला जातो. तेवढ्यावर निर्धास्त होऊन लोक बुकिंग करून टाकतात. पण जहाजावर असतो तो दवाखाना, हॉस्पिटल नव्हे. ईसीजी निघतो, एक्स-रे निघतो, रक्ताच्या ठरावीक तपासण्या होतात, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर आणि व्हेंटिलेटर असतो, हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही देता येतं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने जहाजांवरच्या दवाखान्यांसाठी निकष आखून दिलेत आणि बहुतेक बड्या कंपन्या ते पाळतात. मात्र तिथे अँजिओप्लास्टी होत नाही, रक्तपेढी नसते, मोठं ऑपरेशन करता येत नाही. खुब्याचं हाड मोडलं तर जहाजावरचा डॉक्टर दुखणं कमी करील, पाय हलू नये अशी व्यवस्था करील आणि पुढच्या बंदरावर उतरवील.

मग जहाज निघून जातं. पेशंट आणि सोबतचं माणूस एका अनोळखी गावात मागे राहतात. आपली सगळी तयारी करायची ती या प्रसंगाची. बाकीच्या गोष्टी जहाजवाले बघून घेतात.

पायरी १: आधी नकाशा, मग जहाज

माहितीपत्रकातले पोहण्याचे तलाव आणि नाटकाचा हॉल नंतर बघा. आधी मार्गाचा नकाशा उघडा आणि दोन बंदरांमध्ये किती दिवस जातात ते मोजा. किनाऱ्याकिनाऱ्याने, रोज नव्या बंदराला लागणारी सफर आणि महासागर ओलांडणारी सफर यांत आजारी माणसाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा 'क्वीन मेरी २'चा नेहमीचा प्रवास सात रात्रींचा, आणि थेट असेल तर वाटेत फक्त पाणी. अंटार्क्टिकाला जाताना लागणारा ड्रेक पॅसेज सुमारे ८०० किलोमीटर रुंद आहे. तो ओलांडायला दोनेक दिवस लागतात, आणि तिथून पेशंटला बाहेर काढायला विमान कधी येईल हे हवा ठरवते.

'हेलिकॉप्टर येईल की' असं पुष्कळ जण म्हणतात. हेलिकॉप्टरचा पल्ला किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरचा. शिवाय ते बहुतेक वेळा जहाजावर उतरत नाही, वर घिरट्या घालत पेशंटला दोराने उचलून घेतं. सोसाट्याच्या वाऱ्यात ८० वर्षांच्या माणसाला असं उचलणं जहाजावर ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं ठरू शकतं, म्हणून जहाज वेग वाढवतं किंवा मार्ग बदलून जवळचं बंदर गाठतं.

माझं मत विचाराल तर गेल्या काही महिन्यांत स्टेंट बसला असेल, हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात राहावं लागलं असेल किंवा छातीत दुखण्याची तपासणी अर्धवट असेल, तर महासागरी सफर पुढे ढकला आणि किनाऱ्याची निवडा. जहाज थोडं लहान-जुनं असलं तरी चालेल, बंदर जवळ हवं.

पायरी २: विमा, आणि इथे घाई नको

घरचा आरोग्य विमा समुद्रावर बहुधा चालत नाही. अमेरिकेतल्या ज्येष्ठांची सरकारी योजना, मेडिकेअर, हे त्याचं चांगलं उदाहरण. जहाज अमेरिकी बंदरात असेल किंवा तिथून सुटून वा तिथे पोचायला सहा तासांहून कमी वेळ असेल, तरच ती जहाजावरच्या आवश्यक उपचारांचा विचार करते. त्याच्या पुढे गेलात की खर्च तुमचा. इतर देशांतल्या योजनांचे नियम वेगळे असतील, पण आपली योजना किनारा सोडल्यावर काय करते हे लेखी विचारून घ्या.

जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खाण्यापिण्याच्या बिलासारखं तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं. कॅशलेस वगैरे बहुधा काही नसतं. उतरताना पूर्ण पैसे भरायचे आणि नंतर विमा कंपनीकडून मागायचे. क्रेडिट कार्डाची मर्यादा निघण्यापूर्वी तपासून ठेवली तर ऐन वेळी धावपळ होत नाही.

आता प्रवास विम्याची पॉलिसी. रक्कम मोठी दिसली की लोक खूश होतात, पण गोम शब्दांत असते.

पहिला शब्द 'क्रूझ'. काही पॉलिसींत समुद्रपर्यटन वेगळं घ्यावं लागतं, नुसता परदेश प्रवास म्हटला की ते त्यात येत नाही. दुसरा शब्द प्रदेशाचा. 'अमेरिका आणि कॅनडा वगळून संपूर्ण जग' असं लिहिलेली पॉलिसी स्वस्त पडते. पण जहाज मायामीहून सुटणार असेल किंवा अलास्काला एक दिवस थांबणार असेल, तर नेमकी त्याच दिवशी ती निरुपयोगी. बंदरांची यादी हातात घेऊन एकेक देश पॉलिसीशी ताडून बघा.

तिसरा आणि सगळ्यांत जास्त दावे बुडवणारा शब्द म्हणजे 'पूर्वीपासूनचा आजार'. पुष्कळ पॉलिसी मागचे ६० ते १८० दिवस तपासतात आणि त्या काळात आजार 'स्थिर' होता का ते बघतात. स्थिर म्हणजे आपल्या मनातलं 'बरं आहे' नव्हे. समजा दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बीपीची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० केली. तुमच्या दृष्टीने बीपी आता छान ताब्यात आहे, विमा कंपनीच्या दृष्टीने उपचार बदलला, म्हणजे आजार अस्थिर. नवी तपासणी सांगितली आणि ती अजून केली नाही, तेही यात मोजलं जाऊ शकतं. अर्जात सगळं सांगा. हप्ता वाढेल म्हणून मधुमेह लपवणारे भेटतात, पण दावा फेटाळायला तेवढं एक कारण पुरतं.

काही देशांतल्या पॉलिसींत सफरीचा पहिला हप्ता भरल्यापासून १४ ते २१ दिवसांच्या आत विमा घेतला तर जुन्या आजारांची ही अट माफ होते. म्हणून 'विमा काय, शेवटच्या आठवड्यात काढू' हा विचार सोडा.

चौथी गोष्ट हलवाहलवीची. पेशंटला विमानाने नेण्याचा खर्च, म्हणजे एअर अँब्युलन्सचा, लांबच्या प्रवासात लाखभर डॉलरच्या वर जाऊ शकतो. पॉलिसीत त्यासाठी वेगळी रक्कम आहे का ते पाहा. आणि नेणार कुठे? बहुतेक पॉलिसींत 'जवळच्या योग्य हॉस्पिटलपर्यंत' एवढंच असतं. ते योग्य आहे की नाही हे विमा कंपनीचा डॉक्टर ठरवतो. घरापर्यंत आणणारी पॉलिसी हवी असेल तर तसं लिहिलेलं दिसलं पाहिजे.

विकत घेण्यापूर्वी फोन करा आणि साध्या भाषेत विचारा: "माझं वय ७४, स्टेंट आहे. जहाजावर छातीत दुखलं आणि मला मधल्या बंदरावर उतरवलं. तिथल्या हॉस्पिटलला पैसे तुम्ही थेट देणार की मी भरायचे? माझ्या बायकोच्या हॉटेलचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च धरलाय का? मला घरी आणायचा निर्णय कोण घेणार?" उत्तर ईमेलवर मागा. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही. एक अप्रिय पण आवश्यक प्रश्नही त्यातच उरकून घ्या, प्रवासात मृत्यू झाला तर पार्थिव घरी आणण्याचा खर्च धरलेला आहे का.

पायरी ३: आपल्या डॉक्टरांकडे, दीड-दोन महिने आधी

लसींचं त्यांच्याशी बोला. फ्लू, न्यूमोनिया, कोविड या नेहमीच्या झाल्या. पिवळ्या तापाची मात्र वेगळी गोष्ट. काही देश तिचा दाखला मागतात. तो लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतो आणि २०१६पासून आयुष्यभर चालतो. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेतली तर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, दुर्मीळ असला तरी. अशा वेळी डॉक्टर सूट मिळण्याचं पत्र देऊ शकतात. ते त्या देशाला चालेल का, हे आधी विचारायचं.

बोट लागण्याचं औषध हा प्रकार लोक फार सहज घेतात. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तीन दिवस काम करते, तरुणांना ती छान मानवते. म्हाताऱ्या माणसाला तिने भ्रम होऊ शकतो, तोंडाला कोरड पडते, प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडते, आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर ती लावूच नये. पट्टी हाताळलेलं बोट डोळ्याला लागलं तर बाहुली मोठी होऊन अंधूक दिसायला लागतं, आणि सगळे पक्षाघाताच्या शंकेने घाबरतात. डायमेनहायड्रिनेट आणि मेक्लिझिनच्या गोळ्यांनीही ज्येष्ठांना गुंगी येते. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या 'ज्येष्ठांनी शक्यतो टाळावीत' अशा औषधांच्या यादीत हे गट आहेत. घ्यायचंच ठरलं तर डॉक्टरांना विचारून घरी एक दिवस घेऊन बघा. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर केबिन घेतली तर हेलकावे कमी बसतात. औषधापेक्षा आधी हा उपाय.

निघताना डॉक्टरांकडून एका पानाचं पत्र घ्या. त्यात आजार, गोळ्यांची मूळ रासायनिक नावं आणि डोस, ॲलर्जी हे सगळं हवं. सोबत अलीकडचा ईसीजी ठेवा. हृदयाचा जुना दोष ईसीजीत दिसत असेल तर जहाजावरच्या डॉक्टरला तो कागद सोन्यासारखा. तो नसेल तर जुना बदल आजचा समजून तुम्हाला उतरवलंही जाऊ शकतं.

पायरी ४: औषधांची बॅग खांद्यावरून काढू नका

बंदरावर सामान हमालांच्या ताब्यात जातं आणि केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उजाडते. दुपारची इन्सुलिन त्या बॅगेत असेल तर पंचाईत. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, आणि सफरीपेक्षा किमान आठवडाभर जास्त.

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं चालतच नाहीत, १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधंही नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांना आधी परवानगी लागते.

केबिनमधला छोटा फ्रिज अनेकदा फक्त थंडावा देणारा असतो, इन्सुलिनसाठी खात्रीचा फ्रिज आधी मागून ठेवा. झोपेत सीपॅप (श्वास अडू नये म्हणून लावायचं यंत्र) लावत असाल तर लांब वायर आणि शुद्ध पाणी मिळेल का विचारा. सर्ज प्रोटेक्टर (वीजदाब अचानक वाढला तर संरक्षण देणारा भाग) असलेली एक्स्टेन्शन बोर्डं जहाजावर जप्त होतात. ऑक्सिजन लागत असेल तर यंत्राची सोय बहुधा स्वतःच करायची आणि कंपनीला आधी कळवायचं. डायलिसिसची सोय नेहमीच्या जहाजांवर नसते.

पायरी ५: जहाज कंपनीला खरं सांगा

व्हीलचेअर, वॉकर, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, जे असेल ते. व्हीलचेअरसाठीच्या खास केबिन मोजक्याच असतात आणि लवकर संपतात. साध्या केबिनचा दरवाजा अरुंद असतो, बाथरूमला उंबरा असतो. चालणं जमत नसलेल्यांसाठीची बॅटरीवरची स्कूटर कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत. जिथे जहाज धक्क्याला लागत नाही तिथे छोट्या होडीने उतरवतात, आणि लाटा असतील तर व्हीलचेअरवाल्यांना नेत नाहीत. कोणती बंदरं अशी आहेत ते आधी विचारा.

२०१२च्या जानेवारीत 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या किनाऱ्यावर आडवी झाली, त्यानंतर सुरक्षा कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेण्याचा नियम कडक झाला. कवायतीच्या वेळीच सांगा की जिने चढणं जमत नाही. आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

पायरी ६: जहाजावर

हात साबणाने धुवा. जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, वय झालेल्या माणसाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. केबिनमध्ये राहायला सांगतील, तर त्या दिवसांची भरपाई काही पॉलिसी देतात.

जहाजावरच्या जेवणात मीठ सढळ असतं. हार्ट फेल्युअर असेल तर कमी मिठाचं जेवण आधीच मागा, आणि पायावर सूज दिसली की दवाखाना गाठा. बिलाच्या भीतीने दोन दिवस काढले आणि मग मध्यरात्री दम लागला, असं झालं तर तोपर्यंत मागचं बंदर निघून गेलेलं असतं.

पायरी ७: उतरावंच लागलं तर

उतरण्यापूर्वी विमा कंपनीच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा. पूर्वपरवानगी न घेता केलेल्या हलवाहलवीचे पैसे पुष्कळ कंपन्या देत नाहीत. केस नंबर कागदावर लिहून घ्या. जहाजाच्या दवाखान्याकडून तपशीलवार बिल आणि वैद्यकीय टिपण मागा, नुसती पावती चालत नाही. प्रत्येक बंदरात जहाज कंपनीचा एक एजंट असतो, त्याचं नाव आणि फोन विचारा. हॉस्पिटल आणि कागदपत्रांत त्याचीच मदत होते.

सोबतच्या माणसाला सामान भरायला कधी कधी जेमतेम वीस मिनिटं मिळतात. तेव्हा क्रम असा: औषधांची बॅग, पासपोर्ट, पॉलिसीचा कागद, चश्मा, कवळी, श्रवणयंत्र, चार्जर. कपडे राहिले तरी मागून पाठवतात. काही सफरींत पासपोर्ट जहाजाच्या कार्यालयात जमा असतात, तिथून ते आठवणीने परत घ्या. पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत असतील, तर ती उघडायचा आकडा दोघांनाही पाठ असू द्या, कारण ज्याने तो लावला तोच त्या वेळी स्ट्रेचरवर असू शकतो.