आजोबांची लढाई टिपताना

"लढाईत काय झालं?" असं विचारू नका, म्हातारा फौजी दोन वाक्यांत आटपतो. बुटांपासून सुरुवात करा. माझे आजोबा १९७१ च्या बांगलादेश युद्धात, तिथल्या जमालपूरच्या लढाईत होते, पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत. मी पायांचं विचारलं आणि ब्रह्मपुत्रा ओलांडतानाचे भिजलेले मोजे निघाले. मग मोजे पिळत शेजारी बसलेला जोडीदार. तो परतला नाही. आजोबा गप्प झाले, बोटांनी धोतराचा काठ चुरगाळत राहिले. अशा वेळी पुढचा प्रश्न अजिबात टाकू नका, मोबाइलचं रेकॉर्डिंगही बंद करू नका.

सकाळच्या चहानंतर बसा. पदकं, डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीची नोंदवही) समोर ठेवा. तारखा नंतर ताडून बघता येतात. जमालपूर ११ डिसेंबरला पडलं. त्यांची फौजी हिंदी मात्र जशीच्या तशी उतरवा.